मल्लेश्वरमच्या पाट्या

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात सकाळी लवकर जावे. आठव्या क्रॉसच्या बाजारात फुलांचे ढीग लागलेले असतात. गजरा इथे हाताने मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. काडु मल्लेश्वराचे जुने देऊळ जवळच आहे.

मराठी माणसाने ते अवश्य पाहावे. १६३८ मध्ये बेंगळुरू आदिलशाहीच्या हाती गेले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. मराठे इथे आले ते बाहेरचे म्हणूनच! पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ साली या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिले. त्या दानाचा शिलालेख मात्र कन्नडमध्ये आहे.

देवळाबाहेर आले, की दुकानांच्या पाट्यांकडे लक्ष जाते. डिसेंबर २०२३ मध्ये शहरात इंग्रजी पाट्यांची मोडतोड झाली. पाटीवर साठ टक्के कन्नड हवे, ही मागणी होती. तोडफोडीचे समर्थन कोण करील? पण त्यामागची खंत खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत या शहरात कन्नड मातृभाषा असणारे निम्म्याहून कमी भरले. संगणक कंपन्यांमुळे घरभाडी वाढली. भाडे वाढले की घरमालक खूश, पण रिक्षावाल्याच्या मुलाला त्याच कंपनीत नोकरी मिळेलच असे नाही.

हा राग कधी भलतीकडेच वळतो. डिसेंबर १९९१ च्या कावेरी दंगलीत तमिळ कुटुंबांना घरे सोडावी लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये नुसत्या अफवांनी ईशान्येकडच्या हजारो तरुणांनी गुवाहाटीची गाडी धरली.

युरोपात हाच राग मतपेटीत उतरतो. जर्मनीत फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा 'एएफडी' पक्ष वीस टक्क्यांहून अधिक मते घेऊन दुसरा आला. मुंबईकरांना हे नवे नाही. १९६६ मध्ये शिवसेना निघाली तेव्हा रोख दाक्षिणात्यांवर होता, आणि त्यांत उडुपी हॉटेलवाले कन्नडिगही होते.

बेंगळुरूत मात्र वाटाळ नागराज स्वतः आमदार झाले, तरी केवळ कन्नडच्या नावावर चालणारा पक्ष मोठा झाला नाही. मोठे पक्षच तो प्रश्न उचलतात. जुलै २०२४ मध्ये खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारे विधेयक मंत्रिमंडळाने मंजूर केले. व्यवस्थापनाच्या जागा पन्नास टक्के, बाकीच्या सत्तर. उद्योजकांनी ओरड करताच ते बाजूला ठेवले गेले. त्यात स्थानिकाची व्याख्या होती: कर्नाटकात जन्मलेला, पंधरा वर्षे राहिलेला, आणि कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणारा.

याच शहरात १९५० साली एका मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड इथेच बसकंडक्टर होते. पुढे तमिळ पडद्यावर ते रजनीकांत झाले. आता त्यांना कुठले म्हणायचे?

देवळासमोरचे नंदीतीर्थही चुकवू नये. नंदीच्या मुखातून खालच्या शिवलिंगावर पाण्याची धार सतत पडत असते. मेट्रोने आल्यास संपिगे रोड स्थानकावर उतरावे. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा.