चार नटांचा खेळ

मराठीत 'नट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक नट रंगमंचावर उभा राहतो, दुसरा मोटारीच्या चाकावर बसतो. पहिला सैल पडला तर प्रेक्षक फार तर तिकिटाचे पैसे परत मागतात. दुसरा सैल पडला तर पैसे मागायला कुणी उरेलच याची खात्री नाही. एवढं असून हारतुरे सगळे पहिल्याला!

आमच्या मारुती ८०० ला दर चाकाला असे चार नट आहेत. गाडी १९९८ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. हे मॉडेल १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४ च्या जानेवारीत बनायचं थांबलं. अण्णाही त्याच सुमारास गेले. गाडी मात्र दारात उभी आहे. आई दुसऱ्या कुठल्या गाडीत बसायला तयार नसते. "माझ्या गुडघ्यांना याच दाराची सवय आहे," म्हणते. दर मे महिन्यात ती पुण्याहून चिपळूणला, आपल्या माहेरी, याच गाडीतून कुंभार्ली घाट उतरून जाते. थोडक्यात, आमच्या घरात या गाडीचा मान थोरल्या आत्याइतका आहे.

या थोरल्या आत्याला जीन्स घालायची टूम आमच्या भाच्यानं काढली. त्यानं आपली सँट्रो विकली, पण विकण्याआधी तिची १३ इंची अलॉय चाकं उतरवून घेतली. एका रविवारी ती चार चकचकीत चाकं वर्तमानपत्रात गुंडाळून तो हजर झाला.

"मामा, आजोबांच्या गाडीला माझ्याकडून!"

"अरे, पण बसतील का?"

"चार भोकं इथं, चार भोकं तिथं. न बसायला काय झालं?"

हिशेब बिनतोड होता. याच हिशेबानं मुलाला दोन डोळे, मुलीला दोन डोळे, तेव्हा लग्न जमायला हरकत नसावी. आम्ही चाक उचलून हबला लावलं. एक स्टड भोकात शिरला की समोरचा बाहेर राही. तो आत घ्यावा तर पहिला रुसे. अर्धा तास आम्ही मामा-भाचे ते चाक पोटाशी धरून बसलो होतो.

शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. ते दुरूनच म्हणाले, "पीसीडी वेगळा आहे, साहेब."

मी आजवर पीएचडी ऐकली होती. पीसीडी त्याहून सोपी निघाली. चारही भोकांच्या मध्यांतून जाणारं एक वर्तुळ मनात काढायचं. त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. ८०० चा हा व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच. सँट्रोचा १००. प्रत्येक भोकामागे फरक सातच मिलिमीटरचा, तुरीच्या दाण्याएवढा! पण एकीचा चुडा दुसरीच्या हातात काही चढत नाही.

जगात सगळीकडे हीच तऱ्हा आहे म्हणा. फोक्सवॅगनच्या बीटलला आधी २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट असत, पुढं १३० वर चार आले. सिट्रोएनच्या टू सीव्हीनं तर १६० च्या वर्तुळावरच्या तीन नटांवर जन्म काढला. आणि फियाटच्या पालिओचं वर्तुळ ९८ चं.

"हे ९८ वालं सगळ्यांत वाईट," मिस्त्री म्हणाले. "तुमचं बरं आहे, साहेब. चाक चढतच नाही. १०० चं चाक ९८ वर चढल्यासारखं होतं. नट आवळल्यासारखा वाटतो, पण बसतो तिरका. मग एक दिवस रस्त्यातच सुटतो."

मला आमच्या नात्यातली दोन-तीन लग्नं आठवली. पण ही शेजारीच उभी होती, म्हणून बोललो नाही.

भाचा हटेना, तेव्हा मिस्त्रींनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, अलॉय चाकालाच नवी भोकं पाडायची. हे सांगतानाच त्यांनी कानाला हात लावला. दुसरी, हबला भोकं पाडायची. जुन्या चार भोकांच्या मधल्या जागांत, ४५ अंशांनी फिरवून, नवी चार. त्यांत नवे स्टड दाबून बसवायचे. पुढच्या डिस्क आणि मागचे ड्रमही तसेच पाडून घ्यायचे. लेथवाल्याचा हात केसभर चुकला तर चाक झिंगल्यासारखं चालणार. तिसरी वाट अडॅप्टरची. एक जाड चकती आधी जुन्या स्टडवर आवळायची आणि तिच्यातून निघालेल्या नव्या स्टडवर चाक चढवायचं.

"हे बेस्ट!" भाचा ओरडला.

मी कागद-पेन्सिल घेतली. आज १६ नट, उद्या ३२. चकतीच्या जाडीइतकं चाक बाहेर येणार, म्हणजे बेअरिंगवर ओढ वाढणार. शिवाय त्या चाकांवरचे १५५/७० चे टायर आमच्या टायरांपेक्षा मोठे. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६४-६५ नं पळत असणार. आईला वेग कमी सांगायचं माझं काम परस्पर काटाच करणार होता.

आई हे सगळं खुर्चीत बसून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "बाहेरचे नट दिसतील रे. आतले कोण बघणार?"

कुणी बोललं नाही. अण्णा प्रत्येक प्रवासाआधी स्वतः पाना घेऊन बसत. एक नट आवळला की दुसरा त्याच्या समोरचा, शेजारचा नाही. ओळीनं आवळत गेलं की चाक एका अंगाला कलतं, म्हणत. चकतीखालचे १६ नट बघायचे तर दर वेळी चारही चाकं उतरवायला हवीत. आणि कुंभार्ली घाटाला वळणं काही कमी नाहीत.

"नको रे," मी भाच्याला म्हणालो.

त्यानं मुकाट्यानं चाकं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. मला वाईट वाटलं. लहानपणी अण्णांच्या मांडीवर बसून याच गाडीचं स्टिअरिंग धरणारा हा पोरगा. अलॉयचा निव्वळ बहाणा होता. आजोबांच्या गाडीत आपलंही काहीतरी असावं, एवढंच त्याला हवं होतं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. चाकं एका सँट्रोवाल्याला विकली होती आणि त्या पैशांत ८०० साठी १२ इंची नवे कोरे टायर आणले होते. जुन्या लोखंडी रिमांना त्यानं स्वतः चंदेरी रंग मारला. मे महिन्यात, "मामा, मी चालवतो," म्हणून स्टिअरिंगवर बसलाही.

नवीन चाक चढवलं की पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत, असा मिस्त्रींचा हुकूम होता. शिरवळला त्यानं गाडी बाजूला घेतली. डिकीतून अण्णांचा पाना काढला आणि उकिडवा बसून एक नट, मग समोरचा, असे १६ च्या १६ तपासले. आई खिडकीतून बघत होती. "अगदी ह्यांच्यासारखा बसतो," एवढंच म्हणाली आणि पदरानं चष्मा पुसायला लागली.

चहावाला पोऱ्या धावत आला. "पंक्चर झालं का, दादा?"

"छे!" भाचा हात झटकत उठला. "आमच्याकडे पद्धत आहे."