चहाची ड्यूटी

दारू सोडणाऱ्याचं शरीर सावरायला फार वेळ लागत नाही. हातांची थरथर, घाम, उडालेली झोप हे सगळं औषधं आणि ‘बी-वन’ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी बहुतेकांचं आठवडा-दहा दिवसांत आटोक्यात येतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून माझं खरं काम त्यानंतर सुरू होतं. संध्याकाळ खायला उठते. दारूखाली दाबलेली लाज आणि चीड वर येते. घरात तर त्याच्या हातात दुधाचे पैसे द्यायलाही कोणी धजावत नाही. दारू सुटली, पण आपला कोणाला काही उपयोग नाही, ही बोच कोणत्याही गोळीने जात नाही.

इथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ‘एए’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची, युक्ती कामी येते : दुसऱ्या व्यसनीला मदत करायची. तिचा उगम मोठा व्यवहारी आहे. मे १९३५ मध्ये नुकतीच दारू सोडलेला न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेला होता. सौदा फिसकटला. हॉटेलात एकटा, समोर बार. त्याने चर्चना फोन लावायला सुरुवात केली : गावात एखादा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय! अशी गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. बॉबना सुधारणं हा हेतू दुय्यम होता, बिलला स्वतःला त्या दिवशी प्यायचं नव्हतं. त्याआधी काही महिने तो न्यूयॉर्कमध्ये दारुड्यांशी बोलत हिंडला होता. त्यातला एकही सुटला नाही, पण बिल स्वतः कोरडा राहिला होता.

‘प्रोजेक्ट मॅच’ या मोठ्या अमेरिकी अभ्यासातल्या माहितीवरून २००४ मध्ये असं दिसलं, की इतर व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक उपचारानंतर वर्षभर दारूपासून दूर राहिले. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. मुळात सावरत असलेलेच मदतीला पुढे आले असतील, ही शंका रास्त आहे. तरी रोज जे पाहते, त्याच्याशी हा आकडा जुळतो.

माझ्या एका रुग्णाला एएच्या मीटिंगमध्ये खुर्च्या मांडायची आणि चहाची ड्यूटी मिळाली. कधीकाळी शंभर माणसांवर साहेबकी केलेले हे गृहस्थ आधी फणफणले. पुढे मी पाहिलं, नव्याने आलेल्या माणसाला ते कप अर्धाच भरून देत. का, विचारल्यावर म्हणाले, “मॅडम, पहिल्या आठवड्यात भरलेला कप सांडतो. चारचौघांत सांडला की माणूस परत येत नाही.” एरवी स्वतःपलीकडे न पाहणाऱ्या माणसाची नजर दुसऱ्याच्या हातांवर गेली होती. समुपदेशनाच्या खोलीत मला हे शिकवता आलं नसतं.

सेवेचीही नशा चढते, बरं का. तीन महिने कोरड्या राहिलेल्या माणसाला शाळेच्या स्टेजवर उभं करून त्याची कहाणी वदवून घेण्याची हौस अनेकांना असते. मला ती अजिबात पसंत नाही. टाळ्या ओसरल्या की तो आणखी एकटा पडतो. खुद्द बिल विल्सनने १९५८ मध्ये ‘ग्रेपव्हाइन’ मासिकात आपल्या नैराश्याविषयी लिहिलं. दारू सुटून वीसहून जास्त वर्षं झाली होती, तरी लोकांनी आपल्याला मानावं ही भूक सुटली नव्हती. परतफेडीची अपेक्षा न ठेवता देता येईल, तेव्हाच मन सुटेल, असा त्याचा निष्कर्ष होता.

अशा देण्याची सर्वांत अवघड परीक्षा घरात होते. चहाची ड्यूटी करणाऱ्या याच गृहस्थांच्या पत्नी एकदा म्हणाल्या, “आधी दारूपायी घरी नसायचे, आता मीटिंगपायी नसतात.” मी पत्नीसमोरच त्या गृहस्थांना विचारलं, घरातलं कोणतं काम तुमच्याकडे आहे? उत्तर नव्हतं. पुढच्या खेपेला त्यांनी वीजबिल भरायचं काम मागून घेतलं. बाई अजून दर महिन्याला पावती मागतात. ते न चिडता दाखवतात.