थरच्या वाळवंटात एक दिवस

वांगणी म्हटले की लोकांना बदलापूरच्या पुढचे रेल्वे स्टेशन आठवते. आमची वांगणी ती नव्हे. आमची जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि एप्रिल उजाडला की बायाबापड्या हंडे घेऊन ओढ्यातला झरा उपसायला निघतात. अशा गावच्या माणसांनी भिशीचे पैसे घालून वाळवंट पाहायला जावे, याचे शेजाऱ्यांना हसू आले. "एवढ्या लांब कशाला जाता? मे महिन्यात घरीच बसा की!" असे एका मावशींनी सुनावलेही. तरी जानेवारीत आम्ही उभयता जोधपूरमार्गे जैसलमेर गाठले आणि एका दिवसासाठी जीप ठरवली.

बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटरवर आकल गाव आहे. तेथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके जाळीखाली जपून ठेवले आहेत. आज जेथे खेजडीखेरीज सावली नाही, तेथे एके काळी घनदाट अरण्य होते. पत्नीने दगडावर हात ठेवून साल चाचपून पाहिली. तेथून जीप मरू राष्ट्रीय उद्यानाकडे वळली.

जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८० साली राखीव झाले. नाव राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याने ते अभयारण्यच आहे आणि आत माणसांची गावे आहेत. सिनेमात दिसतात तशा वाळूच्या टेकड्या त्यातल्या थोड्याच भागात. बाकी सगळा खडकाळ माळ, सेवण गवत, केर आणि रुईची झुडपे. चिंकारा हरणे रस्त्याच्या कडेने आमच्याकडे पाहत उभी होती.

सुदासरीच्या कुंपणापाशी वाटाड्याने दुर्बीण दिली. लांब गवतात एक उंच मानेचा पक्षी सावकाश चालत होता. तोच माळढोक. तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला याच पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होते, पुढे कमी करून सुमारे १,२२२ केले. क्षेत्राचा वाद मिटेपर्यंत आपल्याकडचा माळढोक जवळजवळ संपला. हा जड पक्षी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. समोरचे त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला, २०२४ मध्ये तो सैल करून समिती नेमली. सम येथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. पक्षी वाचलाच पाहिजे. पण राखीव क्षेत्रातल्या गावात वीज आणि रस्ता यायला किती खेटे घालावे लागतात, हे वनहक्काचे अर्ज लिहून देणाऱ्या आमच्यासारख्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुपारी मेघवाळ समाजाच्या एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो. गोल झोपड्या, शेणाने सारवलेली अंगणे आणि प्रत्येक दोन-तीन घरांमागे जमिनीत एक टाके. घरच्या आजीबाईंनी लोट्यातून पाणी दिले. थंड आणि गोड! हे गेल्या पावसाळ्याचे पाणी, असे त्या म्हणाल्या. आम्हाला खरे वाटेना. त्या भागात वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरही मुश्किलीने होतो.

मग त्यांनी सगळे दाखवले. टाक्याभोवतीची जमीन उतार देऊन, चोपून टणक केलेली. तिला आगोर म्हणतात. पावसाआधी ती झाडून घ्यायची, तिच्यावर चपला घालून जायचे नाही, गुरे जाऊ द्यायची नाहीत. पाणी आत शिरते त्या भोकांशी काटक्या, वर झाकण आणि झाकणाला कुलूप. पूर्वी गावच्या विहिरीत आमच्या लोकांनी दोर सोडायचा नव्हता, कोणी वरून ओतेल तेवढेच पाणी, असे आजीबाई म्हणाल्या. दारात टाके झाले आणि कोणाचे तोंड पाहणे संपले. बाबासाहेबांचे नाव त्यांना ठाऊक होते, चवदार तळ्याची हकीकत नव्हती. १९२७ सालचा तो सत्याग्रह पत्नीने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितला आणि तीन सुनाही येऊन बसल्या.

"तुमच्याकडे पाऊस किती?" आजीबाईंनी विचारले.

"चार महिने," पत्नी म्हणाली.

"मग ते पाणी ठेवता कुठे?"

पत्नी थोडा वेळ बोलली नाही. मग तिने सांगितले, आमचा काळा कातळ पाणी धरत नाही, उतारावरून ते ओढ्यात आणि ओढ्यातून समुद्रात जाते. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणेचे मोठे धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. आजीबाई हसल्या नाहीत. टाक्याचे झाकण उघडून त्यांनी आम्हा दोघांना आत वाकून पाहायला लावले.

परतताना वाटेत एक खडीन पाहिली. खडकाळ उताराच्या पायथ्याशी घातलेला मातीचा लांब बांध. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, ते जिरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा. पालीवालांनी शेकडो वर्षांपूर्वी ही रीत बसवली. बांधाआड गहू हिरवागार होता. समच्या टेकड्यांवर सूर्यास्ताला उंट, तंबू आणि कर्णकर्कश गाणी यांची जत्राच होती. तेथे फार थांबलो नाही.

परतीच्या गाडीत आम्ही तिकिटाच्या मागे आकडे मांडले. वांगणीच्या घराचे छप्पर साधारण २८ चौरस मीटर. त्यावर पडते चौऱ्याऐंशी हजार लिटर पाणी. पाच माणसांना प्यायला आणि रांधायला रोज चाळीस लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे चार हजार आठशे लिटर. म्हणजे पाच हजार लिटरचे एक टाके पुरते. गावी येताच गवंड्याला विचारले. टाके बांधायला तो तयार आहे, कौलांना पन्हळ लावायचे काम आमचे. कौलांवर शेवाळ धरते, म्हणून पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यायचे. पहिले पाणी टाक्यात घेऊ नका, हे आजीबाईंनी निघताना दोनदा बजावले होते.