आमच्या वर्गातल्या नऊ जणी

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर ओसरीत भुईमुगाचे बी फोडत बसले होते, तेव्हा फोन वाजला. पलीकडून एका पुरुषाने मला माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली. वाचकहो, त्या नावाने हाक मारणारे मला आता कोणी उरले नव्हते. आई गेली, तिच्याबरोबर तेही गेले होते. मी म्हणूनही गेले, “चुकीचा नंबर लागलाय.”

तो आमचा वर्गबंधू होता. साताऱ्याच्या कॉलेजात आम्ही १९९५ साली बी. ए. झालो. वर्गात ३५ मुलगे आणि ९ मुली. तीस वर्षे झाली म्हणून सर्वांनी एकत्र जमायचे ठरवले होते. “मुलांचे पत्ते महिन्याभरात लागले,” तो म्हणाला. “मुलींपैकी तू तेवढी सापडलीस, तीही तुझा भाऊ बाजारात भेटला म्हणून. बाकीच्या आठ जणींचं तूच बघ, ताई.”

मुलांचे पत्ते का लागणार नाहीत? गाव तेच, आडनाव तेच, घर तेच. पारावर विचारले तरी माणूस सापडतो. कोणी फौजेतून सुभेदार होऊन परतला, कोणी एसटीत कंडक्टर झाला, दोघे मास्तर झाले, बाकीचे तुमच्या-आमच्यासारखे शेतीत. मुलीचे मात्र गाव बदलते, आडनाव बदलते आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नावही लिहिले जाते. १९९६ साली माझेही तसेच झाले. पेढे वाटले गेले. मला कोणी विचारले नाही, आणि विचारायला हवे होते असे मलाही वाटले नाही.

मी शोधाला लागले. मला प्रत्येकीचे माहेरचे गाव आठवत होते. कुठे भावजय भेटली, कुठे कासारीण, कुठे जत्रेत आलेली मावशी. दोघींची माहेरे मात्र तुटली होती. त्यांचा माग लागला तो चावडीवर, फेरफाराच्या नोंदींत. वडील वारल्यावर वारस म्हणून मुलींची नावे तिथे लागली होती, सासरच्या आडनाव-गावासकट. त्याखाली थोड्याच महिन्यांनी दुसरी नोंद होती, हक्कसोडपत्राची. नावे चढली होती ती उतरण्यापुरतीच.

ते बघताना पोटात कालवले, कारण २००८ साली मीही तशीच सही केली आहे. भावावर माझा राग नाही. तो भाऊबीजेला न चुकता येतो. पण तेव्हा कागद मला कोणी वाचून दाखवला नाही, आणि बी. ए. झालेल्या मीही तो वाचायला मागितला नाही. मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा देणारा कायदा आपल्या राज्यात १९९४ साली आणि देशात २००५ साली झाला. आम्ही तो ऐकून होतो, इतकेच.

आठांपैकी सात जणींचा ठाव लागला. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एक नवऱ्यामागे तीन एकर बागायत एकटीने सांभाळते. दोघी मुलांकडे पुण्याला आहेत. एक हळूच म्हणाली, “परत फोन करू नकोस गं, घरी आवडत नाही.” एक आता नाही. तिच्या नवऱ्याला तिचे माहेरचे नाव आठवायला वेळ लागला.

सातवी आमच्या वर्गात नेहमी पहिली यायची. ती प्राध्यापक होणार असे आम्ही धरूनच चाललो होतो. ती अंगणवाडीत आहे, आणि काम जीव लावून करते. मेळाव्याला आली तेव्हा मला म्हणाली, “सरकारी जागा निघाली होती गं. पण गुणपत्रक एका नावाचं, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं. ही बाई तीच कशावरून, म्हणाले. कागद होईपर्यंत वय उलटून गेलं.” मग हसली. “तू हाक मारलीस ना, मी मागं वळून बघितलं, कोणाला बोलावतेय म्हणून.”

या माघात माझ्या लेकीचे लग्न आहे. “माझं नाव बदलायचं नाही,” असे तिने सांगितले आहे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात तर बापाच्या आधी आईचे नाव लागते. तरी हे व्याह्यांपुढे बोलताना माझी जीभ अडखळली. व्याही गप्प राहिले. विहीणबाई मात्र चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “राहू दे तिचं नाव. माझं काय होतं, ते माझ्या पोरांनासुद्धा ठाऊक नाही.” तांदळाचे ताट आता निवडण्यापुरतेच पुढे येईल.

आठवी अजून सापडलेली नाही. ती डावखुरी होती, अक्षर मोत्यासारखे, आणि डबा उघडला की आधी दुसरीला द्यायची. वाचकहो, हा अंक तुमच्या घरी आला असेल, तर घरातल्या आईला, काकूला, वहिनीला आज एकदा विचारा, “तुमचं माहेरचं नाव काय?” आमची आठवी तुमच्याच ओसरीत बसलेली असेल. नसली, तरी जिला विचाराल तिला बरे वाटेल.