आत्याची टेकडी

पुण्यातली वेताळ टेकडी बघायची तर मे महिन्यात. पावसाळ्यात तिचं कौतुक कुणीही करतं. मे महिन्यात सालई, मेडशिंगी उघड्याबोडक्या, गणेराचा पिवळा बहर ओसरलेला, गवत करपलेलं. नकाशावर तिच्यातून रेघ ओढणाऱ्यांनी ती याच दिवसांत पाहिली असावी आणि मोकळी जागा समजून सोडून दिली असावी.

आत्याला हा महिना सगळ्यात कामाचा वाटे. पहाटे पाचला ती पाच लिटरचा तेलाचा जुना कॅन भरून निघे. एक कॅन माझ्या हातात. चढावर दम लागला तरी थांबू द्यायची नाही, कारण ऊन वर यायच्या आत पाणी जायला हवं. रोपाच्या बुडाशी ती बसायची, पालापाचोळा दूर करायची, बोटाने माती उकरून ओल बघायची आणि मग झाकणाला भोक पाडलेली बाटली उपडी रोवायची. पाणी थेंबाथेंबाने मुरे. ते अर्धं संपेपर्यंत ती उठत नसे. बोलणं असं नाहीच. गिरिपुष्प दिसलं की तेवढी चिडे. वन खात्याने टेकड्यांवर भसाभस लावलेलं हे परकं झाड तिला आवडत नसे. लावायचा तर हिवर, खैर, असं तिचं ठाम मत. पुढे मी नोकरीसाठी गाव सोडलं. ती मात्र गुडघे दुखायला लागल्यावरही अर्धा कॅन घेऊन चढत राहिली.

ही टेकडी कापून जाणारा बालभारती ते पौड फाटा हा रस्ता कितीतरी वर्षं विकास आराखड्यात आहे. पुढे त्याच्या जोडीला बोगद्यांचे बेत आले. एप्रिल 2023 मध्ये पुणेकर त्याविरुद्ध मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. आत्या असती तर पुढेच चालली असती. पुण्याला ही लढाई नवी नाही. महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवरचं 978 हेक्टरांचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षणही लोकांनी वर्षानुवर्षं भांडून राखलं. टेकडीवरचा पाऊस बेसॉल्टच्या भेगांतून खाली मुरतो, आजूबाजूच्या विहिरींना, बोअरना पाणी देतो. हे आत्याने कुठे वाचलं नव्हतं. बोट मातीत घालून तिला ते कळलं होतं.

आमच्या घरात मात्र या विषयावर एकमत नाही. आत्याला शेवटचं दवाखान्यात नेताना अॅम्ब्युलन्स लॉ कॉलेज रस्त्यावर अडकली. दादा, तिचा मुलगा, आत बसला होता. टेकडीतून तो रस्ता झाला असता तर आई वाचली असती, असं तो म्हणतो. त्या वेळी मी तिथे नव्हते, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची माझी हिंमत होत नाही. पण विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल कोंडी सोडवायलाच बांधले होते, आणि ते 2020 मध्ये पाडावे लागले. तिथे आता नवा पूल आहे. कापलेल्या उतारावर पुन्हा पाणी मुरवायला काय बांधणार? त्याच कोंडीतून बस पुढे निघायला हवी, पायी चालणाऱ्याला धड पदपथ हवा, हे मी त्याला फोनवर सांगते. तो ऐकून घेतो.

त्याला पटलेलं नाही. आत्याने लावलेल्यांपैकी जी रोपं अजून लहान आहेत, त्यांना पाणी घालायला मात्र दर रविवारी तोच चढतो. मी पुण्यात असतेच कुठे!