शाल, श्रीफळ आणि खांबाचे खड्डे

आपल्या पिढीला अ‍ॅवॉर्ड्सची काही कमी नाही. ऑफिसात दर महिन्याला एक ‘स्टार परफॉर्मर’, दर क्वार्टरला एक काचेची ट्रॉफी, शिवाय एचआरचा मेल आणि त्याखाली वीस जणांचं ‘काँग्रॅट्स!’ ती ट्रॉफी पुढे डेस्कवर कॉफीच्या मगशेजारी धूळ खात पडते, हा भाग वेगळा. पण तुम्हाला पहिल्यांदा जीव तोडून पळायला, आपटायला आणि आपटल्यावर हसत उठायला ज्यांनी शिकवलं, त्यांचं नाव कुठल्या बोर्डावर आहे? खरं सांगा, कधी विचार केलाय? मीही केला नसता. पण शाळेतून फोन आला.

झालं असं, की आमच्या शाळेला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. मध्य मुंबईतली साधी मराठी शाळा. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार करायची आहे. अमृतमहोत्सवात ‘शाळेचे नामवंत माजी खेळाडू आणि क्रीडा प्रशिक्षक’ यांचा सत्कार करायचं ठरलं. ‘तू पत्रकार ना? मग मानपत्रं तूच लिही,’ असा आदेश निघाला. फ्रीलान्सर म्हणजे बारा महिने चोवीस तास मोकळी, अशी लोकांची ठाम समजूत असते. असो. मानधन शून्य, बटाटेवडे भरपूर.

मानपत्र लिहायचं तर माहिती हवी. म्हणून गेले शाळेत. ऑफिसबाहेरच्या पॅसेजमध्ये तो प्रसिद्ध लाकडी फलक अजून आहे. दहावीला शाळेत पहिला आलेल्याचं नाव, साल आणि टक्के, तेही दशांशासकट! खेळाडूंचा फलक कुठे विचारलं, तर उत्तर आलं, ‘तसा काही नाहीये.’ ढाली आणि करंडक एका कपाटात कोंबलेले. काहींवर साल आहे पण खेळ नाही, काहींवर खेळ आहे पण साल नाही. आणि खेळाडूचं नाव? एकाही ढालीवर नाही. ढाल शाळेची असते, घाम कुणाचा याची नोंद कुणी ठेवायची?

मग हातात आली सत्काराची यादी. सात खेळाडू, दोन प्रशिक्षक. खेळाडूंमध्ये एक उद्योजक होते, ‘शालेय जीवनात उत्तम बॅडमिंटनपटू’. आमच्या शाळेत बॅडमिंटन कोर्ट कधीच नव्हतं. नव्या कम्प्युटर लॅबला त्यांनी देणगी दिली होती, एवढं मात्र खरं. प्रशिक्षकांमध्ये पीटीचे दोन निवृत्त सर. दोघंही चांगले, तक्रार नाही. पण यादी मी तीनदा वाचली. काका नव्हते.

काका म्हणजे आमचे खो-खोचे काका. बेस्टमध्ये कंडक्टर. सकाळची ड्युटी संपवून संध्याकाळी पाचला खाकी पँटवरच मैदानात हजर. स्वतः फक्कीने रेषा आखायचे, खांब हलतोय का बघायचे, मग शिट्टी. शाळेचे ते कुणीच नव्हते. तरुणपणी जवळच्या क्लबकडून खो-खो खेळलेले, एवढंच. एकदा कुणीतरी ‘मुलींच्या टीमला जरा बघाल का’ म्हणालं, तेव्हापासून बघत राहिले. पगार नाही, मानधन नाही. उलट कुरमुरे-चण्याचा खर्च त्यांचाच.

मी त्यांची बारावी खेळाडू. खो-खोत मैदानावर नऊ जणी उतरतात, तीन बाहेर. त्या तिघींतली शेवटची मी! पण काकांनी मला कधी ‘एक्स्ट्रा’ म्हटलं नाही. त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, ‘पळणाऱ्यापेक्षा बसणारीचं काम अवघड असतं, पोरी.’ पाठलाग करताना आठ जणी पाटीवर बसलेल्या असतात. पाठीवर कधी थाप पडेल, कधी ‘खो’ ऐकू येईल, सांगता येत नाही. त्या एका क्षणासाठी टाचा उचलून तयार बसायचं. आज क्लायंटच्या मेलची वाट बघताना मला हे रोज आठवतं, हसू नका.

आणि काकांचं काम मैदानावर संपायचं नाही. आठवी-नववीत गेलं की घरून सुरू व्हायचं, ‘आता पुरे झालं ते हाफ पँट घालून उड्या मारणं.’ काका मग त्या मुलीच्या घरी जायचे. एकटे नाही, काकूंना घेऊन. काकू स्वयंपाकघरात आईशी बोलायच्या, काका बाहेर वडिलांशी. आमच्या कॅप्टनच्या घरी ते चार वेळा गेले. ती राज्य स्पर्धेपर्यंत खेळली, खेळाडूंचे ग्रेस मार्क मिळवून दहावी झाली आणि आज एका हॉस्पिटलात नर्स आहे. तीही यादीत नव्हती. ‘नॅशनल नाही ना खेळली,’ हे कारण.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पण विचार करा, आपल्याकडे प्रशिक्षकाचं नाव लोकांना माहीत होतं कधी? शिष्य सचिन असेल तर! फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सेमी-फायनलमध्ये सेंट झेवियर्सविरुद्ध शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन ३२६, विनोद कांबळी ३४९. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यामागचे रमाकांत आचरेकर सर स्वतः फक्त एक प्रथम श्रेणी सामना खेळले होते, हे किती जणांना ठाऊक असतं? म्हणजे तुमच्या-माझ्या शाळेच्या ‘नामवंत खेळाडू’च्या यादीत सर कदाचित बसलेच नसते. वांद्र्याच्या शाळेतला मुलगा दादरच्या शारदाश्रममध्ये यावा, कारण तिथे क्रिकेट आहे, हे त्यांनी सुचवलं. मुलाची शाळा बदलण्याइतकी काळजी! त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य, २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. पण शिवाजी पार्कवर, जिथे त्यांनी आयुष्य घालवलं तिथे, त्यांचं स्मारक उभं राहिलं ३ डिसेंबर २०२४ ला. सरांना जाऊन तेव्हा जवळपास सहा वर्षं झाली होती.

पी. टी. उषाचं उदाहरण घ्या. केरळच्या स्पोर्ट्स स्कूलमध्ये तिला घडवलं ओ. एम. नांबियार यांनी. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला, हे छान झालं. पण पद्मश्री? उषाला १९८५ मध्ये, नांबियार सरांना २०२१ मध्ये. मधे छत्तीस वर्षं. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते गेले.

खेळाडूंचंही तेच. कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी खाशाबा जाधव. १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून त्यांच्या प्रवासासाठी ७,००० रुपये उभे केले होते. खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार आला त्यानंतर तब्बल सोळा-सतरा वर्षांनी. १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. आनंद आहे. फक्त त्या आनंदात ते नाहीत.

हे सगळं डोक्यात घोळत असताना अमेरिकेतल्या मावसभावाशी बोलणं झालं. तिकडे कित्येक हायस्कूलना स्वतःचा ‘हॉल ऑफ फेम’ असतो, हे त्याने सांगितलं. मोठ्या स्टारचा मान तिथेही असतोच. फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन हायस्कूलने कोबी ब्रायंटची ३३ नंबरची जर्सी निवृत्त केली, जिमला त्याचं नाव दिलं. पण मला आवडली ती वेगळी गोष्ट. अनेक शाळांत याचे लेखी नियम असतात. शाळा सोडून काही वर्षं उलटल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, म्हणजे कालचा हिरो लगेच भिंतीवर नाही. नाव कुणीही सुचवू शकतं. प्रशिक्षकांचा गट वेगळा, आणि काही ठिकाणी एखाद्या वर्षीच्या अख्ख्या टीमचा एकत्र सन्मान! बाराव्या खेळाडूसकट.

मी हे नियम मराठीत एका पानावर लिहून काढले आणि समितीच्या मीटिंगला गेले. तिथे जे झालं ते कुठल्याही कॉर्पोरेट मीटिंगला लाजवेल असं होतं. ‘कल्पना छान आहे, पण पुढच्या वेळी.’ पुढच्या वेळी म्हणजे शताब्दीला! ‘बारा मुली स्टेजवर मावणार कशा?’ आणि शेवटी मुख्य मुद्दा, ‘ते गृहस्थ आपल्या स्टाफवर नव्हते. मस्टरवर नाव नाही. कशाच्या आधारावर सत्कार करायचा?’

आधार दिला शाळेच्या निवृत्त क्लार्कनी. तोपर्यंत ते कोपऱ्यात बसून चहा पीत होते. ते उठले, ऑफिसातून एक जाडजूड फाइल घेऊन आले. आंतरशालेय स्पर्धांच्या प्रवेशिकांच्या प्रती. प्रत्येक प्रवेशिकेवर बारा मुलींची नावं, जन्मतारखा आणि खाली ‘प्रशिक्षकाची सही’. १९ वर्षांच्या प्रवेशिका, १९ वर्षं तीच तिरकी सही. वरती मुख्याध्यापकांचा शिक्का. शाळेनेच लिहून दिलं होतं की हे आमचे प्रशिक्षक आहेत! कुणी काही बोललं नाही. पुढच्या दहा मिनिटांत काका यादीत आले, टीमही आली. बॅडमिंटनपटूही राहिले, त्याला माझी हरकत नव्हती.

मानपत्र वाचून दाखवायला मी काकांच्या घरी गेले. सत्तरी उलटली आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काकूंनी पोहे केले. मी घसा साफ करून वाचायला लागले, ‘१९ वर्षं निःस्वार्थ सेवा...’ त्यांनी हात वर केला. ‘सेवा काढ गं त्यातून. मला आवडायचं म्हणून यायचो.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आणि मुलींची नावं घाल. सगळ्यांची.’ १९ वर्षांची नावं ए-फोरच्या एका कागदावर मावत नाहीत हो! शेवटी मानपत्राला तीन पानांची पुरवणी जोडली. मी लिहिलेलं वाचण्याजोगं सगळ्यात चांगलं लिखाण बहुधा तेच असावं, आणि त्यात एकही विशेषण नाही.

समारंभाच्या दिवशी आमच्या टीमच्या बारापैकी नऊ जणी आल्या. कॅप्टन नाइट ड्युटी करून थेट आली होती. काका मात्र हॉलमध्ये नव्हते. शोधलं तर मैदानात. म्हणजे पूर्वी जिथे मैदान होतं तिथे. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत आणि पिवळ्या रेषा मारून गाड्या लावायची सोय. काका काठी टेकत वाकून जमीन बघत होते. मला म्हणाले, ‘खांबाचे खड्डे कुठे होते, सापडेना.’ मुख्याध्यापिका बाई शेजारीच उभ्या होत्या. काकांनी त्यांना विचारलं, ‘बाई, पोरं आता खेळतात कुठे?’ बाई म्हणाल्या, ‘हॉलमध्ये कॅरम आहे, बुद्धिबळ आहे...’ काकांनी मान डोलावली. त्यांना काही टोमणा मारायचा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

शाल, श्रीफळ, फोटो, सगळं नीट पार पडलं. टाळ्या सगळ्यात जास्त काकांना पडल्या. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत नेपाळला हरवून तो जिंकला. दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. आपण सगळ्यांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर अभिमानाने फॉरवर्ड केलं. पण अशा टीम हवेत तयार होत नाहीत. त्यासाठी मैदानाचा एक तुकडा लागतो आणि संध्याकाळी पाचला तिथे येणारं एक माणूस लागतं. माणसाचा सत्कार करून तुकड्यावर पार्किंग करायचं, हे काही पटत नाही.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या यावरून रोज भांडणं होतात. पेव्हर ब्लॉक अजून जागेवरच आहेत. एक खो-खोचं मैदान मावेल एवढा भाग मोकळा करावा, असं पत्र आम्ही नऊ जणींनी सह्या करून शाळेला दिलंय. ‘विचार करू’ असं उत्तर आलंय. दरम्यान, पॅसेजमध्ये खेळाडूंचा फलक मात्र लागला. दहावीच्या फलकाच्या बरोबर समोर.

तुमच्याही शाळेत असे कुणी असतील. पीटीचे सर, कबड्डीचे मास्तर, शिट्टी गळ्यात अडकवलेल्या बाई, मस्टरवर नाव नसलेला एखादा दादा. या वीकेंडला मॉलमध्ये जाण्याआधी शाळेत एक चक्कर मारा. प्रवेशिकांची फाइल मागा, सह्या बघा. नाव सापडलं तर फोन लावा. आणि भेटायला जाल तेव्हा बुके नेऊ नका, टीममधल्या दोघीतिघींना सोबत न्या.