बाळकुमचा रस्ता आणि दोन गाड्या

ठाण्याहून भिवंडीला जाणारा जुना आग्रा रोड कापूरबावडीचा चौक मागे टाकतो आणि बाळकुम सुरू होतं. खाडीकाठचं हे जुनं गाव. पाडा नंबर एक, पाडा नंबर दोन ही ओळख रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहे; पण जुन्या आगरी घरांच्या ओट्यांमागे आता उंचच उंच इमारती उभ्या आहेत. ढोकाळी-कोलशेतच्या बाजूचे कारखाने गेले, त्यांच्या जागी टॉवर आले. पुढे कशेळीचा पूल, पुलाखाली उल्हास नदीची खाडी, पलीकडे काल्हेर, मग गोदामांमागून गोदामं आणि भिवंडी. त्या गोदामांचा सगळा माल ट्रक-टेम्पोतून इकडूनच ये-जा करतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध आहेत. पावसाळा संपता संपता खड्डे बुजवले जातात, आणि बुजवलेला खड्डा हा पुष्कळदा एक छोटा उंचवटा असतो.

या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न यंदा आमच्या घरात दोन महिने चालला. नुसती हौसेची गोष्ट असती तर आम्ही ती इथं लिहिली नसती.

आमचा भाचा नऊ वर्षं दुबईत नोकरी करून परतला. तिथं दुबई ऑटोड्रोम नावाचं शर्यतींचं मैदान आहे. पैसे भरून त्याने तिथं काही फेऱ्या मारल्या, आणि तो स्वतःच म्हणतो त्याप्रमाणे त्याचं अर्धं मन तिथंच राहिलं. इकडे आल्यावर त्याच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक, चाकणला बनणारी स्कोडा स्लाव्हिया, दीड लिटर टर्बो इंजिनची, नवी कोरी. दुसरी, २०१४ सालची पोर्शे केमन एस. मागच्या मालकाने तिचे स्प्रिंग बदलून ती आणखी खाली बसवलेली, टायर शर्यतीच्या जातीचे. किंमत मात्र नव्या स्लाव्हियाच्या दुपटीहून जास्त.

खरं तर त्याला आधी हवी होती ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे दोन्हींच्या मधली. ऑक्टाव्हियाशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. २००१ पासून ती आपल्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. २०२३ मध्ये धुराचे नवे नियम आले आणि ती बंद झाली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आरएस पुन्हा आली, पण अख्ख्या देशासाठी फक्त १०० गाड्या, त्याही परदेशातून तयार आणलेल्या, एकेक पन्नास लाखांच्या घरात. बुकिंग उघडलं आणि संपलं. मधला मार्ग असा बंद झाल्यावर दोन टोकं उरली.

एका रविवारी फजरनंतर विक्रेत्याने केमन बाळकुम नाक्यावर आणली. आम्ही भाच्याच्या शेजारी बसलो. बसलो म्हणजे काय, एक हात छताला, एक दाराला लावून खाली उतरलो. आमच्या अम्मींनी गाडी पाहिली, दार उघडून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "यात बसायचं की निजायचं?" त्यांच्यासाठी जागा तशीही नव्हती. केमनला आसनं दोनच. मागे, जिथं आपल्या गाडीत मुलं बसतात तिथं, इंजिन असतं.

भाचा तिला नुसतीच सुंदर म्हणत नाही, तो तिचं कामकाज समजावून सांगतो. ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, सव्वातीनशे अश्वशक्ती, टर्बो नाही. इंजिन दोन चाकांच्या जोड्यांच्या मधोमध असल्याने वळणावर गाडीचा तोल पुढेही जात नाही, मागेही नाही. हे त्याचं म्हणणं खरं आहे, आम्हाला ते गायमुखच्या अलीकडे एका वळणावर कळलं. गाडी वळली असं वाटलंच नाही. रस्ताच आमच्या बाजूला सरकला असं वाटलं. त्या दोन-चार सेकंदांत माणसाला वेगाची ओढ का लागते ते आम्हाला उमगलं. ती ओढ खोटी नाही, आणि तिला हसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एकदा त्या आसनात बसून पाहावं.

पण ते चार सेकंद सोडले तर बाकीचा पाऊण तास कसा गेला? या इंजिनाचा पूर्ण जोर ७४०० फेऱ्यांना मिळतो. घोडबंदर रोडवर, रविवारच्या पहाटेसुद्धा, काटा ३००० च्या वर फारसा गेला नाही. प्रत्येक गतिरोधकापुढे भाचा गाडी जवळजवळ उभी करायचा, मग तिरकी घालायचा, एकेक चाक चढवायचा. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून सावकाश लाटेसारखी जाते. आमच्या भागातले काही गतिरोधक रुंदीला हातभर आहेत. त्यातल्या दोघांनी गाडीच्या पोटाला हात लावलाच. मागून कंटेनर आला की त्याची चाकं आमच्या खिडकीच्या वर दिसत होती. कापूरबावडीला सिग्नलवर थांबलो तेव्हा शेजारच्या रिक्षातले दोन शाळकरी मुलगे सलाम करून गेले, एवढी एक कमाई.

स्लाव्हियाची परीक्षा आम्ही वेगळी घेतली. एका स्नेह्यांनी आपली गाडी दोन दिवसांसाठी दिली. अम्मींच्या बहिणीला पाहायला संभाजीनगरला जायचं होतंच. माजिवड्याहून साकेत पूल, खारेगाव, माणकोली, रांजणोली, वडपे करत आमणेला पोहोचलो. आमणे म्हणजे भिवंडी तालुक्यातलं गाव, आता समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोक. २०२२ च्या डिसेंबरमध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला, मग तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकत ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. आमच्या पिढीने कसारा घाटात ट्रकच्या मागे जे तास घालवले ते आता इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत जातात. डोंगर चढल्याचं कानांनाच तेवढं कळतं.

टर्बोचं काम काय, हे त्या दिवशी कळलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. टर्बोत तो एक छोटं चक्र फिरवतो, ते चक्र जास्तीची हवा दाबून पुन्हा इंजिनात घालतं. म्हणून दीड लिटरचं इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढतं, आणि मुख्य म्हणजे लवकर ओढतं. स्लाव्हियाचा २५० न्यूटन-मीटरचा जोर १६०० फेऱ्यांपासून हाताशी असतो. केमनचा जोर याहून पुष्कळ मोठा, ३७०, पण तो ४५०० फेऱ्यांना मिळतो. बाळकुम नाक्यावर ट्रक आणि बस यांच्यामधून वाट काढायला १६०० चा जोर उपयोगी पडतो, ४५०० चा तिथं येतच नाही. आणि सरळ रस्त्यावर, पायाखाली काम नसलं की, हे इंजिन चारातले दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवतं. अम्मींनी मागून विचारलं, "गाडी चालू आहे की बंद?" भाच्याला हे आवडलं नाही. गाडीचा आवाज ऐकू न येणं हा त्याच्या लेखी दोष आहे.

समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १००, घाटात त्याहून कमी. या रस्त्यांवर दोन्ही गाड्या सारख्याच वेगाने जाणार. फरक इतकाच की एकीत पाच माणसं बसतील, पाचशे लिटरहून मोठ्या डिकीत सामान मावेल, आणि दुसरीत दोन माणसं एका मोकळ्या रस्त्याची वाट पाहत बसतील. अर्थात समृद्धीचा स्वतःचा एक धोका आहे, सरळसोट रस्त्याने येणारी गुंगी. आम्ही दर तासा-दीड तासाला थांबलो, टायरची हवा तपासली. तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात. वाचकहो, एवढं तरी करूनच निघा.

केमनच्या वेगासाठी जागा कुठं आहे, याचाही आम्ही हिशेब मांडला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला शर्यतीचं मैदान आहे, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला २०११ मध्ये फॉर्म्युला वनसाठी बांधलेलं बुद्ध सर्किट आहे. बाळकुमपासून यातलं कुठलंही हजार किलोमीटरच्या आत नाही. तिथवर गाडी चालवत नेली तर ते टायर जाण्यातच झिजणार. शिवाय एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. पॉलिसीच्या मागच्या पानावर ते छापलेलं आहे. मैदानावर गाडी ठोकली तर खर्च खिशातून. आणि मागच्या मालकाने गाडीत जे फेरफार केले होते त्यांची नोंद आरसी बुकात नव्हती. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम अशा फेरफारांना परवानगी देत नाही. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, "कोण बघतं?"

आता ज्या कारणामुळे हे सगळं आम्ही इतकं मनावर घेतलं ते. ज्याला मैदान मिळत नाही तो मैदान शोधतो, आणि रात्री दोन वाजता घोडबंदर रोड मैदानासारखा दिसतो. १९ मे २०२४ च्या रात्री पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, मोटारसायकलवरून जाताना गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. आमचा भाचा एकोणतीसचा, निर्व्यसनी, जबाबदार मुलगा आहे. पण आम्ही त्याला गायमुखच्या वळणावर पाहिलं होतं. त्या चार सेकंदांत तो आमच्याशी बोलत नव्हता, रस्त्याशी बोलत होता. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कायद्याने तीन महिन्यांची कैद किंवा पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही. आपापाशी कोणी हा आकडा बोललं नाही. आपा त्याची आई आहे. ती फक्त म्हणाली, "रात्री तुझी वाट पाहायची सवय नऊ वर्षांत सुटली होती."

दूल्हेभाईंचा मुद्दा वेगळा होता. केमन घ्यायची तर निम्मी रक्कम बँकेच्या कर्जातून यायची. दूल्हेभाईंनी भिवंडीत तीस वर्षं माग चालवले. धंदा बसला तेव्हा माग भंगाराच्या भावाने गेले, पण ते वाचवायला त्यांनी व्याजाचा पैसा घेतला नाही. मुलाला ते काही बोलले नाहीत. मुलगा कमावता आहे, त्याचा पैसा त्याचा. जेवताना एवढंच विचारलं, "दोघांच्या गाडीसाठी?" भाच्याची धाकटी बहीण डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मात्र भावाची बाजू घेतली. म्हणाली, भाईजान नऊ वर्षं शेअरिंगच्या खोलीत राहिला, त्याला वाटेल ते घेऊ द्या. खरं सांगायचं तर त्या घरात सर्वांत वजनदार वाक्य हेच होतं. उधळपट्टी म्हणजे इसराफ हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण नऊ वर्षं मन मारणाऱ्याला तो शब्द सुनावणं सोपं नाही. आम्ही तो उच्चारला नाही.

हौसेच्या दोन आसनी गाडीचा प्रयोग आपल्याकडे स्वस्तातही झाला होता. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची उघड्या टपाची छोटी गाडी बनायची, फायबरची, रेनॉच्या १.२ लिटर इंजिनाची. शर्यतीची नव्हती, पण हौस भागवणारी होती. ती टिकली असती तर भाच्यासारख्यांना कदाचित वेगळा रस्ता मिळाला असता. आज मात्र मधे काही नाही.

भाच्याने शेवटी स्लाव्हिया नोंदवली, रोखीने. आमच्यामुळे नाही. केमनची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीकडून त्याने ब्रेकच्या एका जोडाची किंमत विचारून घेतली होती, ती त्याने कुणालाच सांगितली नाही. उरलेल्या पैशातून बहिणीची या वर्षाची फी भरली आणि थोडे बाजूला ठेवले. कोइंबतूरच्या मैदानावर शर्यतीची गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळा आहेत. गाडी त्यांची, टायर त्यांचे, हेल्मेटही त्यांचं. डिसेंबरमध्ये तो तिथं जाणार आहे. रेल्वेचं तिकीट काढून झालं आहे.

आपाने परवा त्याला विचारलं, "तिथं स्पीडब्रेकर असतात का?" तो नाही म्हणाला, तेव्हापासून ती पुन्हा काळजीत आहे.